मनोऱ्याची सावली किती लांब, किती वेळ?

२०१० साली बातमी आली की लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर ११७ मजली, ४४२ मीटर उंचीचा आलिशान निवासी मनोरा उभा राहणार. ‘वर्ल्ड वन’ हे त्याचे नाव. मीरा रोडहून निघालेल्या आमच्या डब्यात त्यावर बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाले, मुंबईचे नाव होईल. कोणी विचारले, वर आग लागली तर शिडी कुठवर पोचणार? ज्यांच्या घरातले कोणी गिरणीत होते ते चिडलेले होते. गिरणीच्या जमिनीवर गिरणी कामगाराला घर नाही, हे त्यांचे दुखणे. आणि एकजण म्हणाला, ‘‘अर्धे परळ अंधारात जाणार!’’

हे शेवटचे वाक्य मला आवडले, कारण ते काठी आणि मोजपट्टी घेऊन तपासता येते.

२२ डिसेंबरला सूर्य आकाशात सर्वांत दक्षिणेकडे असतो. मुंबई परिसरात त्या दिवशी माध्यान्हीला तो क्षितिजापासून सुमारे ४७-४८ अंश वर येतो. आपल्याकडे माध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही, त्या सुमारास ती साडेबारानंतर होते, हे मुलांना मुद्दाम दाखवावे. एक मीटर उंचीच्या काठीची सावली तेव्हा ९१-९२ सेंटिमीटर भरते. म्हणजे वर्षातली सर्वांत लांब माध्यान्ह-सावलीसुद्धा उंचीपेक्षा थोडी कमीच. ४४२ मीटरच्या मनोऱ्याची ती सुमारे ४०० मीटर पडली असती. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस एकेक दिवस असा येतो की माध्यान्हीला सावली पायाखालीच राहते, आणि या दोन दिवसांच्या मधल्या काळात ती चक्क दक्षिणेला पडते. सकाळी-संध्याकाळी मात्र सावली फार लांबते. सूर्य १५ अंशांवर असताना ती उंचीच्या पावणेचार पट होते.

पण लांबी ही अर्धीच गोष्ट. सावली एका जागी किती वेळ थांबते? समजा मनोरा ४० मीटर रुंद आहे आणि आपण त्याच्या उत्तरेला २५० मीटरवर उभे आहोत. तिथून तो सुमारे ९ अंशांचा कोन व्यापतो. डिसेंबरात माध्यान्हीच्या आसपास सूर्याची दिशा तासाला सुमारे २० अंशांनी बदलते. म्हणजे सावली अर्ध्या तासाच्या आत आपल्यावरून सरकून जाते. अर्धे परळ अंधारात जात नाही. परळमधल्या बऱ्याच घरांवरून एक पट्टा फिरून जातो.

आता मनोरा सोडून आमच्या शांती नगरासारख्या वसाहतीत या. समजा सात मजल्यांची, २१ मीटर उंच आणि ३० मीटर लांब इमारत आहे, आणि तिच्या उत्तरेला ९ मीटर अंतर सोडून दुसरी तशीच. २२ डिसेंबरच्या माध्यान्हीला पहिलीची सावली दुसरीच्या भिंतीवर ११ मीटरपर्यंत चढते. जवळजवळ चार मजले झाकले जातात. तळमजल्याच्या मधल्या खिडकीतून पाहिले तर समोरची भिंत दक्षिणेकडचे सुमारे ११८ अंश अडवते. त्या दिवशी सूर्याचा सगळा प्रवासच १३० अंशांचा! सकाळ-संध्याकाळचा साधारण तासभर सोडला तर त्या खिडकीला ऊन नाही. पावसाळ्यात ओलावलेल्या भिंती वाळायच्या दिवसांत नाही. या सावलीची बातमी कधी होत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल इमारत उभी राहिली तेव्हा तिच्या सुमारे सात एकरांवर पडणाऱ्या सावलीने लोक संतापले, आणि १९१६ साली तिथे इमारतींचा वरचा भाग मागे सरकवण्याचा नियम झाला. सॅन फ्रान्सिस्कोत १९८४ साली बागांवरचे ऊन राखण्यासाठी मतदारांनी कायदा करून घेतला. ती थंड हवेची गावे. आपल्याकडे एप्रिलमध्ये कोणी सावली दिली तर आपण आभारच मानू. तेव्हा तिथली तक्रार इथे उचलून आणताना ऋतू विचारात घ्यावा लागतो.

‘वर्ल्ड वन’ची उंची पुढे कमी झाली, पण ती लोकांच्या सावलीच्या धास्तीने नव्हे. विमानतळ प्राधिकरणाची परवानगी मिळाली नाही, म्हणून मनोरा २८० मीटरवर, ७६ मजल्यांवर थांबला. गिरणीवाल्यांच्या नातेवाइकांचा राग मात्र उंचीवर नव्हताच. १९९१च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी जायचा होता. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. दोन मनोऱ्यांमध्ये मैदान असणार की नाही, हे तिथे ठरले. माझ्या मते डब्यातल्या चर्चेत सर्वांत वैज्ञानिक प्रश्न त्या चिडलेल्या माणसांचाच होता: जमीन किती, आणि कोणासाठी?

आता आमच्याकडेही जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या सभा होतात. ‘‘किती मजले?’’ हा पहिला प्रश्न असतो. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या एका शिक्षिकेने मागच्या सभेत विचारले, ‘‘दोन इमारतींत अंतर किती?’’ नकाशात ते लगेच कोणाला सापडेना.

वर्गात हा प्रयोग करताना काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. मोठ्या इमारतीच्या सावलीची कडा पुसट दिसते, कारण सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. अशा वेळी पुसट पट्ट्याच्या मधोमध खूण करावी. आणि घरच्या खिडकीत ऊन कधी येते, कधी जाते याची नोंद मुलांना आठवडाभर करायला सांगावी. तळमजल्यावरच्यांना, तशीच सातव्यावरच्यांनाही.