चावी हातात पडल्यानंतरचे गैरसमज

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की घरात दोन याद्या तयार होतात, एक वास्तुशांतीची आणि दुसरी फर्निचरची. दोषांची यादी सहसा कोणी करत नाही. त्यामागे एक पक्का समज असतो: 'ताबापत्रावर सही झाली, आता बिल्डरचा आपला संबंध संपला.' हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज.

2016 च्या रेरा कायद्याचे कलम 14 वेगळेच सांगते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत इमारतीच्या सांगाड्यात, कामाच्या दर्जात किंवा पुरवलेल्या सेवांमध्ये दोष आढळला आणि तो बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने 30 दिवसांत एक पैसाही न घेता तो दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. मात्र 'नजरेस आणून दिला' हे नंतर दाखवता आले पाहिजे. साइटवरच्या सुपरवायझरला जिन्यात गाठून सांगितलेले कुठेच नोंदले जात नाही. तारीख असलेले फोटो, ईमेल, नाहीतर पोचपावतीचे पत्र हवे. ताबापत्रावर 'कोणतीही तक्रार नाही' असे आधीच छापलेले असते. सही करण्यापूर्वी त्याच कागदावर दिसणारे दोष हाताने लिहून काढावेत.

आपल्याकडे घराची खरी परीक्षा पहिला पावसाळा घेतो. खिडकीच्या खालचे कोपरे, बाहेरची भिंत, बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत या जागी ओल आधी दिसते. आणि हौसेने वॉर्डरोब ठोकतो तोही नेमका तिथेच! शक्य असेल तर बाहेरच्या भिंतीवरची कपाटे पावसाळ्यानंतर बसवा. बाथरूमच्या नव्याकोऱ्या फरशा फोडून मनासारख्या बसवण्याआधीही विचार करावा. फरशीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर दुखावला आणि खालच्या घरात गळती सुरू झाली, की बिल्डर बोट दाखवणार ते तुमच्या कंत्राटदाराकडे.

'आरसीसी इमारत आहे, आतली भिंत पाडली तर काय बिघडते?' हे अर्धसत्य आहे. कॉलम-बीमच्या इमारतीत भार सांगाड्यावर असतो आणि आतल्या विटांच्या भिंती बहुधा नुसत्या आडोशाच्या असतात. पण आजचे कितीतरी टॉवर अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत, बांधकामावरच्या भाषेत 'मायवान'मध्ये, ओतलेले असतात. तिथे काँक्रीटची भिंतच भार पेलते. अशा भिंतीत वायरिंगसाठी झिरी मारणेही धोक्याचे, कारण आत सळ्या आहेत. सुताराचे किंवा इलेक्ट्रिशियनचे मत इथे चालत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच विचारावे. उलट, भिंतीवर केसासारखी रेघ दिसली म्हणून झोप उडवून घेण्याचेही कारण नाही. गिलावा वाळताना आणि ब्लॉक व काँक्रीटच्या सांध्यावर असे बारीक तडे जातात. तिरपा, रुंदावत जाणारा किंवा बीम-कॉलमवरचा तडा मात्र ताबडतोब दाखवावा.

'फिट-आउटसाठी ताबा घ्या, ओसी येईलच' हे वाक्य गोड असते. आजूबाजूला लोक राहायला आलेले दिसतात, म्हणून ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळालेलेच असणार असेही आपण धरून चालतो. 1963 च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्यानुसार आवश्यक पूर्णत्वाच्या दाखल्याआधी बिल्डरने ताबा द्यायचा नसतो आणि ग्राहकाने घ्यायचाही नसतो. रेराने ताबा घेण्यासाठी दिलेली दोन महिन्यांची मुदतही भोगवटा प्रमाणपत्रापासून मोजली जाते. त्याची प्रत मागायला संकोच कसला?

कागदांचा आणखी एक भ्रम असा, की नोंदणी झाली, इंडेक्स टू हाती आला, म्हणजे सगळीकडे आपले नाव लागले. घरपट्टी, वीजबिल आणि सोसायटीचे भाग प्रमाणपत्र या तिन्ही ठिकाणच्या नोंदी तपासून गरजेप्रमाणे वेगळे अर्ज करावे लागतात. जुना फ्लॅट विकत घेतला असेल तर सोसायटी 'डोनेशन'च्या नावाखाली मोठी रक्कम मागते. ती द्यावीच लागते हा निव्वळ गैरसमज. 2001 मध्ये शासनाने महापालिका क्षेत्रासाठी हस्तांतरणाच्या प्रीमियमची कमाल मर्यादा 25,000 रुपये ठरवली. डोनेशन म्हणून वर काही घेता येत नाही.

नामनिर्देशन केले म्हणजे वारसाचा प्रश्न मिटला, असेही नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने घर सांभाळणारा. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते.

शेवटचा समज जमिनीचा. फ्लॅट तुमच्या नावावर झाला तरी इमारतीखालची जमीन आपोआप सोसायटीची होत नाही. त्यासाठी अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, व्हावे लागते. बिल्डर टाळत असेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. पुनर्विकासाची वेळ आली की या कागदावाचून गाडी अडते. सोसायटीच्या पहिल्याच सभेत हात वर करून विचारा: आपले कन्व्हेयन्स झाले आहे का?