ब्रेड, भाकर आणि सोबतीचा घास

हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यासारख्या गावात इंग्रजी आता पाहुणी राहिलेली नाही. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी आले. तिसरी-चौथीतल्या पोराला विचारा, "ब्रेड म्हणजे काय रे?" तो चटकन सांगेल, "पाव." आजीला विचारा, ती म्हणेल, "दुखणेकऱ्याला चहासंगं देतात ते." दोघांचेही बरोबर आहे. पण या चार-पाच अक्षरांच्या शब्दात पोटाचा, मालकीचा आणि माणसामाणसांतल्या नात्याचा केवढा इतिहास दडला आहे, हे आमच्या मुलांना कोणी सांगत नाही. म्हणून आज या पानावर आम्ही हाच शब्द घेतला आहे.

शब्दाची ओळख

आधी शाळेच्या उपयोगाचे बोलू. या शब्दाचे स्पेलिंग बी-आर-ई-ए-डी, पण उच्चार 'ब्रीड' नव्हे, 'ब्रेड'. आपण दुकानात "दोन ब्रेड द्या" म्हणतो. इंग्रजीत असे चालत नाही. पाणी, दूध, तांदूळ यांच्याप्रमाणे ब्रेड हा शब्द तिथे मोजत नाहीत. अख्खा पाव असेल तर 'लोफ', कापलेला काप असेल तर 'स्लाइस', आणि मग 'दोन स्लाइस ब्रेड'. परीक्षेत इथे हमखास गुण जातात. मुलांनी हे वहीत लिहून ठेवावे.

दुसरी गोष्ट. पाव हा शब्द कुठून आला? कोणी म्हणते पायाने पीठ तुडवतात म्हणून पाव, कोणी म्हणते चार भाग म्हणून पाव. दोन्ही सांगीवांगी आहेत. पोर्तुगीज भाषेत ब्रेडला 'पांव' असे अनुनासिक म्हणतात. पोर्तुगीज गोव्यात आले, त्यांच्याबरोबर भट्टी आली आणि शब्दही आला. गोव्यात पाव भाजणाऱ्याला आजही पोदेर म्हणतात, तोही पोर्तुगीज शब्दच. पुढे गोव्याचे भट्टीवाले मुंबईला गेले, आणि गिरणगावच्या कामगाराच्या हातात वडापाव आला.

मग भाकरीला इंग्रजीत काय म्हणावे? शब्दकोशात धान्याच्या पिठाची भाजलेली कोणतीही पोळी ब्रेडमध्ये बसते. फुगवलेली नसेल तर 'अनलेव्हन्ड ब्रेड', चपटी म्हणून 'फ्लॅट ब्रेड'. पण 'माझी आई ब्रेड करते' असे निबंधात लिहिले, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भट्टीतला पाव येईल. काथवटीत उन्हाळ पाण्याने मळलेले ज्वारीचे पीठ, दोन तळव्यांचा थापा, तव्यावर पाण्याचा हात आणि आरावर टम्म फुगलेला पापुद्रा त्याला दिसणार नाही. म्हणून आमचे सांगणे असे की मुलांनी सरळ 'भाकरी' हाच शब्द इंग्रजीत लिहावा आणि पुढे एका वाक्यात ती काय असते ते सांगावे. चपाती, रोटी हे शब्द इंग्रजी कोशात असेच गेले आहेत.

तुकडा, मालक आणि मिंधा

आता शब्दाच्या मुळाकडे जाऊ. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत पावाला ब्रेड म्हणत नसत. त्याला 'ह्लाफ' म्हणत. त्याचाच आज 'लोफ' झाला. 'ब्रेड' या शब्दाचा अर्थ मुळात तुकडा, घास असा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते त्याचे नाते आंबवण्याशी आहे. पुढे इसवी सनाच्या १२०० च्या सुमारास तुकड्याचा शब्द अख्ख्या अन्नाला लागला. आपल्याकडेही 'भाकर-तुकडा' म्हणतातच की!

याहून नवल पुढे आहे. 'लॉर्ड' म्हणजे साहेब, धनी. हा शब्द जुन्या 'ह्लाफवेअर्ड' वरून आला. अर्थ, भाकरीचा राखणदार. 'लेडी' हा शब्द 'ह्लाफडिगे' वरून आला. अर्थ, भाकरीचे पीठ मळणारी. आणि त्या घरातल्या चाकराला शब्द होता 'ह्लाफएटा', म्हणजे भाकर खाणारा. ज्याच्या ताब्यात भाकर तो धनी, जो त्याची भाकर खातो तो चाकर. एवढी उघड समाजरचना तीन शब्दांत बसली आहे. पुढे इंग्रज लोक हे मूळ विसरले. लॉर्ड मोठा झाला, लेडी सभ्य झाली आणि भाकर खाणारा शब्द तर भाषेतूनच गेला.

आमच्या आया-आज्यांनी जन्मभर पीठ मळले. चुलीच्या धुराने डोळे गेले. त्यांना कोणी लेडी म्हटले नाही. पण शब्दाच्या मुळाशी गेले तर तो मान त्यांचाच आहे.

आणि भाकर खाणारा? तो इतिहास आम्हाला कोशात शोधायला नको. गावगाड्यात येसकरपाळी होती. ज्याची पाळी असे त्याने दिवसभर गावाची कामे करायची आणि सांजेला काठी व घोंगडी घेऊन दारोदार भाकर मागायची. राबून मिळवलेला तो मोबदला होता, पण तो मजुरी म्हणून हातात पडत नसे. वरून टाकलेला तुकडा म्हणून पडे. शिळी असो, करपलेली असो, मुकाट घ्यायची. काम करणारा मिंधा आणि काम करून घेणारा दाता, असा हा उलटा हिशेब होता.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडा, असे सांगितले ते याचसाठी. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. सन्मानाची चतकोर भाकर मिंधेपणाच्या टोपलीभर भाकरीपेक्षा मोठी, हा त्यातला अर्थ. त्या काळी आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तरी ही हाक इकडच्याही वस्त्यांत पोचली आणि हळूहळू टोपल्या थांबल्या.

ब्रेडच्या म्हणी

इंग्रजीत या शब्दाभोवती पुष्कळ वाक्प्रचार आहेत. काही मुलांनी पाठ करावेत असे आहेत.

'ब्रेड अँड बटर' म्हणजे नुसता पाव-लोणी नव्हे, रोजीरोटीचे साधन. कोणाची शेती हे त्याचे ब्रेड अँड बटर, कोणाचे शिवणयंत्र.

'ब्रेडविनर' म्हणजे घरातला मिळवता माणूस. हा शब्द ऐकला की पुरुषच डोळ्यांपुढे येतो. पण सोयाबीनच्या खुरपणीला, हळदीच्या काढणीला वाकलेली बाई संध्याकाळी मजुरी आणते, तीही ब्रेडविनरच.

'ब्रेडलाइन' म्हणजे फुकट पावासाठी लागलेली गरिबांची रांग. अमेरिकेतल्या शहरांत हा शब्द रुळला. आता 'ब्रेडलाइनवर असणे' म्हणजे जेमतेम जगणे. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, तांबड्या मिलोची भाकर आणि सुकडी खाल्ली, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

'ब्रेडबास्केट' म्हणजे धान्याचे कोठार असलेला मुलूख. बोलीभाषेत नुसते 'ब्रेड' म्हणजे पैसा. 'आपल्या ब्रेडला कोणत्या बाजूने लोणी लागले आहे ते ओळखणे' म्हणजे आपला फायदा कशात आहे हे जाणणे. 'काहीच नसण्यापेक्षा अर्धा लोफ बरा' ही म्हणही प्रसिद्ध आहे.

'कापलेल्या ब्रेडनंतरचा सर्वांत मोठा शोध' असे इंग्रजीत कौतुकाने म्हणतात. त्यालाही कारण आहे. यंत्राने कापलेला पाव अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या चिलिकोथी गावी जुलै १९२८ मध्ये पहिल्यांदा विकायला आला.

आणि 'ब्रेड अँड रोझेस', म्हणजे भाकर आणि गुलाब. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कष्टकरी स्त्रियांच्या चळवळीतून ही घोषणा पुढे आली. पोटाला भाकर हवीच, पण जगण्यात शोभा आणि मानही हवा, एवढे साधे मागणे.

कंपनीतली भाकर

शेवटी एक शब्द, जो आता साखऱ्याच्या पोरांच्याही तोंडी आहे. गावची तरुण मुले पुण्याला, संभाजीनगरला जातात आणि सांगतात, "कंपनीत लागलो." ही 'कंपनी' आणि 'कंपॅनियन' म्हणजे सोबती, हे दोन्ही शब्द लॅटिनमधून आले. 'कॉम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे भाकर. सोबत भाकर खाणारा तो सोबती. पोर्तुगीजांचा पावही याच 'पानिस'चा वारस.

लॉर्ड शब्दात भाकर वर-खाली लावते, कंपनी शब्दात तीच भाकर माणसांना एका पंगतीत बसवते. आपल्या देशाने मात्र भाकरीलाच भिंत केले. रोटी-बेटी व्यवहार हा शब्दच त्याची साक्ष आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन' या निबंधात स्पष्ट सांगितले की नुसत्या सहभोजनाने जात मरणार नाही, आंतरजातीय विवाह हवेत. हे खरेच. आज एका डब्यातून जेवणारे मित्र लग्नाची गोष्ट निघाली की गप्प होतात. तरीही जिथे अजून पंगत वेगळी बसते, पाण्याचा पेला वेगळा ठेवला जातो, तिथे एकत्र जेवणे ही पहिली पायरी आहेच.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मूल 'ब्रेड म्हणजे पाव' असे घोकत बसले असेल तर त्याच्याजवळ पाच मिनिटे बसा. त्याला आज्याची टोपली सांगा, ती का थांबली ते सांगा, आणि कंपनी शब्दाचा खरा अर्थही सांगा. शब्द मुळासकट कळला की पाठ करावा लागत नाही. आणि डब्यातली भाकर शेजारच्या मुलासोबत मोडून खायला त्याला मुद्दाम शिकवा, मग ते मूल कोणत्याही घरचे असो.