मार्कंड्याची यात्रा आणि एस. टी.ची फेरी

माघ वद्य चतुर्दशी जवळ येऊ लागली की वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर ‘हर हर महादेव’ हा घोष दुमदुमू लागतो. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील मार्कंडादेव हे क्षेत्र विदर्भाची काशी म्हणून प्रसिद्ध आहे. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा येथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, आणि उत्तरवाहिनी नदीच्या तीरावरील शिवस्थान आपल्या परंपरेने विशेष पुण्यप्रद मानिले आहे. तेथील शिल्पसमृद्ध मंदिरांची नोंद अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्यासारख्या पुरातत्त्ववेत्त्याने एकोणिसाव्या शतकातच घेतली होती. हे सारे माहात्म्य भाविक वाचकांना सुपरिचित आहे. म्हणून आज आम्ही देवाविषयी नव्हे, तर देवाच्या दारी आपणांस आणून सोडणाऱ्या एस. टी.विषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

सणाच्या पानावर हा विषय विजोड आहे, असे कोणास वाटेल. परंतु शब्दांच्या मुळाशी गेल्यास ती शंका उरत नाही. ‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ या धातूपासून झाला आहे. तॄ म्हणजे तरणे, ओलांडून जाणे. तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार. जेथून मनुष्य पैलतीरास सुखरूप पोहोचतो ती जागा. ‘यात्रा’ या शब्दाच्या मुळाशी ‘या’, म्हणजे जाणे, हा धातू आहे. देव आपल्या स्थानी अचल असतो. जावे लागते ते भक्ताला. तेव्हा जाण्याची सोय हा धर्मकार्याच्या बाहेरचा विषय नसून त्याचे पहिले अंग आहे. आपल्या पूर्वजांनी घाट बांधले, धर्मशाळा उभारल्या, वाटेवर वृक्ष लावले व पाणपोया घातल्या, त्या याच जाणिवेने.

सुखरूप ओलांडणे किती मोलाचे असते, हे या भागाला कोणी शिकवावयास नको. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथून मिरची तोडणीसाठी पैलतीरी निघालेल्या मजूर स्त्रियांची नाव याच वैनगंगेत उलटली आणि त्यांतील काही जणींना प्राण गमवावे लागले. एका तीरावर गडचिरोली जिल्हा, दुसऱ्या तीरावर चंद्रपूर जिल्हा. मध्ये जेवढे पाणी, तेवढेच अंतर. पण गरिबाला तेही महाग पडते.

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. रेल्वेगाडी या जिल्ह्याच्या उत्तर टोकाशी वडसा-देसाईगंज येथे भेटते, आणि तेथून पुढे दक्षिणेस सिरोंचापर्यंतचा सारा विस्तार रस्त्याच्याच भरवशावर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा प्रदेशात लाल रंगाची गाडी गावात येणे याचा अर्थ दवाखाना, बाजार, शाळा आणि कचेरी गावाजवळ येणे असा होतो. माहेरवाशीण सणाला येते ती याच गाडीने, आणि देवदर्शनास निघालेली आजी पायरी चढते ती याच गाडीची.

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली. विदर्भ त्या वेळी मध्य प्रांतात होता व येथील प्रांतीय परिवहन सेवा निराळी होती. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६१ मध्ये या सेवा एकत्र येऊन आजचे महामंडळ उभे राहिले. ‘गाव तेथे एस. टी.’ हे वचन तेव्हापासून लोकांच्या तोंडी आहे. परंतु वचन उच्चारणे सोपे, त्याची पूर्तता अवघड. एटापल्ली तालुक्यातील गर्देवाडा येथे अहेरीहून पहिली एस. टी. गेली ती १ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याला ७७ वर्षे उलटल्यावर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये धानोरा तालुक्यातील काटेझरीला आणि जुलैमध्ये भामरागड तालुक्यातील मर्कनारला प्रथमच गाडी पोहोचली. गावकऱ्यांनी वाजतगाजत तिचे स्वागत केले. एखाद्या देवतेची पालखी वेशीवर यावी तसाच तो प्रसंग होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सवलतींच्या बाबतीतही गेल्या काही वर्षांत मोठे पाऊल पडले. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास करता येतो. पासष्टी ओलांडलेल्यांना अर्धे भाडे पडते. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांनाही अर्ध्या भाड्याची सवलत लागू झाली. ग्रामीण विद्यार्थिनींना शाळेसाठी मिळणारा मोफत पास तर पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने दिला जातो. ज्या देवीने काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, देशभर घाट व धर्मशाळा बांधल्या, तिचे नाव एका शाळकरी मुलीच्या पासावर असावे, हा योग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. मंदिराची पायरी आणि शाळेची पायरी या दोन्ही एकाच पुण्याच्या वाटेवर आहेत, असेच जणू हे नाव सांगते.

येथे आम्ही आजच्या निरूपणाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. मार्कंडेयाची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. मृकंडू ऋषींच्या या पुत्राला अवघे सोळा वर्षांचे आयुष्य लाभले होते. काळ समोर उभा ठाकला तेव्हा त्या बालकाने शिवलिंगाला मिठी मारली, आणि भगवान शंकरांनी काळाला मागे सारून त्याला चिरंजीव केले. ज्या देवाच्या दर्शनाला आपण जातो, त्याची कीर्ती सोळा वर्षांच्या लेकराला अभय देणारा म्हणून आहे, हे यात्रेकरूने क्षणभरही विसरू नये.

आता पंचांग आणि शाळेचे वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून पाहावे. २०२५ मध्ये बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला व दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली, आणि महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला आली. तिथी दरसाल मागेपुढे होते, तरी हा काळ परीक्षेचा किंवा परीक्षेच्या तयारीचाच असतो. दहावीच्या मुलीचे वयही सोळाच्या आसपासच. यात्रेसाठी ज्या जादा गाड्या सुटतात त्या आकाशातून उतरत नाहीत; त्या आगारातल्याच असतात. चंद्रपूर विभागात चंद्रपूर, राजुरा, वरोरा व चिमूर, आणि गडचिरोली विभागात गडचिरोली, अहेरी व ब्रह्मपुरी अशी मोजकीच आगारे. शेजारच्या विभागांकडून काही गाड्या मिळाल्या, तरी चालक-वाहकांची व गाड्यांची संख्या मर्यादितच राहते. म्हणून यात्रामार्गावर एक फेरी वाढते, तेव्हा आडमार्गावरची एखादी फेरी कमी होण्याचा संभव असतो. ती फेरी जर सकाळच्या शाळेची असेल, तर आपल्या पुण्याचे भाडे कोण्या एका मुलीने भरले असे होईल. तिच्या गावाला दुसरे वाहन नसते, आणि परीक्षेची घंटा कोणासाठी थांबत नाही.

यावर कोणी विचारील, मग काय यात्रा करू नये? तसे आमचे मुळीच म्हणणे नाही. यात्रा अवश्य करावी, पण विचाराने करावी. मार्कंड्याची यात्रा केवळ एका दिवसाची नसते. गर्दी पुढेही काही दिवस चालते. ज्यांच्या घरी व्रताची अडचण नाही त्यांनी पुढच्या एखाद्या दिवशी दर्शन घ्यावे. गावातील मंडळींनी एकत्र बसून प्रवाशांची यादी करावी आणि ती आगारप्रमुखांकडे वेळेत द्यावी. पंढरीच्या वारीसाठी चाळीस प्रवासी जमल्यास गावातूनच गाडी देण्याची योजना महामंडळाने राबविली आहे. तोच एकोपा आपल्या यात्रेलाही उपकारक ठरेल. भरलेली एक गाडी दोन अर्ध्या रिकाम्या गाड्यांचे काम करते, आणि उरलेली एक गाडी आपल्या गावाला परत जाते. चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते, नांदेडकडून व तेलंगणातून भाविकांचे लोंढे येतात. राणी हिराईने उभारलेल्या त्या मंदिराची वाट धरणाऱ्यांनाही हाच विचार लागू आहे.

दुसरी गोष्ट मुक्कामी गाडीची. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गाडी आडगावी थांबते आणि पहाटे तीच गाडी पहिले प्रवासी घेऊन निघते. चालक आणि वाहक त्या रात्री आपल्या घरापासून दूर, आपल्या गावाचे अतिथी असतात. ‘अतिथी’ या शब्दाची थोरवी भाविक घरांना आम्ही काय सांगावी! झोपण्यास कोरडी जागा, पिण्यास स्वच्छ पाणी, आणि गरम भाकरीचे दोन घास एवढे जरी गावाने दिले, तरी गाडीशी गावाचे नाते जडते. ज्या गावात मुक्कामाची सोय असते, तेथे पहाटेची फेरी टिकून राहणे सोपे जाते. थांब्यावरचा निवारा स्वच्छ ठेवणे, पावसाळ्यापूर्वी रस्त्यावर आलेल्या फांद्या छाटणे, ही कामे ग्रामसभेने मनावर घेतल्यास अवघड नाहीत. महामंडळाने २०२३ मध्ये ‘स्वच्छ, सुंदर बसस्थानक’ अभियान हाती घेतले. मंदिराच्या आवारात झाडू मारणारे आपले हात वर्षातून चार दिवस बसस्थानकावरही फिरले, तर ती देवसेवाच होईल.

तिसरी गोष्ट तिकिटाची. घाई आहे म्हणून काळी-पिवळीत दाटीवाटीने बसणे सोपे असते. पण एस. टी. रिकामी धावू लागली की तिचा हिशेब जुळत नाही, आणि हिशेब न जुळणारी फेरी प्रथम बंद होते. बंद झालेली फेरी पुन्हा सुरू करविणे किती कष्टाचे असते, हे अर्ज करून थकलेल्या गावांना विचारावे. फेरी अनियमित असेल, गाडी नादुरुस्त असेल, तर ग्रामसभेचा ठराव करून तक्रार जरूर करावी. तो आपला हक्कच आहे. परंतु हक्क मागणाऱ्याने त्या गाडीत बसलेही पाहिजे.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. १ मार्च २०२२ ची महाशिवरात्र त्या काळातच येऊन गेली. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण त्या महिन्यांनी एक गोष्ट सर्वांना दाखवून दिली. ज्यांच्या दारी स्वतःचे वाहन होते, त्यांची वाट फारशी अडली नाही. ज्यांच्या दारी नव्हते, त्यांना देवही दूर झाला आणि दवाखानाही.

महामंडळाचे ब्रीद ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ असे आहे. गौतम बुद्धांनी आपल्या भिक्षूंना गावोगाव संचारास पाठविताना हे शब्द उच्चारले, असे पाली विनयग्रंथांत सांगितले आहे. त्याच उपदेशात त्यांनी आणखी एक सूचना केली होती : दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये. हेतू हा की, अधिकाधिक गावांपर्यंत पोहोचावे, कोणतेही गाव वंचित राहू नये. एस. टी.च्या कोणत्याही वेळापत्रकाला याहून चांगले सूत्र सापडणार नाही, आणि यात्रेकरूलाही नाही. सर्व गाड्या एकाच वाटेने देवाकडे धावल्या तर उरलेल्या वाटांवर कोण उभे आहे, हे पाहणे आपले काम आहे.

भाविक वाचकहो, यंदा बेलपत्र वाहताना एक संकल्प अवश्य करावा. आपल्या गावाची शाळेची फेरी कोणत्या वेळी सुटते, ती यात्रेच्या दिवसांत चालू राहणार की नाही, याची चौकशी आगारात आधी करावी, आणि मगच आपल्या प्रवासाचा दिवस ठरवावा. परीक्षेला निघालेल्या मुलीला गाडीत आपली जागा द्यावी. सोळा वर्षांच्या मार्कंडेयाला अभय देणारा महादेव त्या पूजेने निश्चित संतुष्ट होईल.