राखेला जागा हवी, मातीला चुना

जून उजाडला की मराठवाडा-विदर्भातून तोच फोटो येतो. काळ्या रानातून गेलेला डांबरी रस्ता मधोमध चिरलेला, साइडपट्टी खचलेली. अलीकडे त्या बातमीला उपायाचं शेपूटही असतं: औष्णिक केंद्रांची राख मातीत मिसळा, कचराही जिरेल आणि रस्ताही टिकेल.

कानाला गोड वाटतं. पण घाई राखेला आहे, मातीला नाही. ३१ डिसेंबर २०२१च्या केंद्रीय अधिसूचनेने वीज केंद्रांना शंभर टक्के राख वापरात आणण्याची सक्ती केली. पुढच्याच जुलैत कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख-बंधारा फुटला आणि राख शिवारात शिरली. ती खपवायला रस्त्यासारखी दुसरी जागा कुठली?

माती मात्र वेगळंच सांगते. रस्ता चिरणाऱ्या तिच्या फुगण्याची चाचणी अगदी साधी आहे. चाळलेल्या कोरड्या मातीचे दहा-दहा ग्रॅम दोन काचनळ्यांत घालायचे, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि चोवीस तास थांबायचं. रॉकेलमधली माती जागची हलत नाही. पाण्यातली कधी कधी दुप्पट होते. मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांत पाणी शिरतं, ते हे असं.

आपल्याकडच्या दगडी कोळशाच्या राखेत कॅल्शियम कमी. नुसती मिसळली तर माती थोडी भुसभुशीत होते, बांधली जात नाही. बांधतो तो चुना. त्यातलं कॅल्शियम पापुद्र्यांमध्ये बसतं, मातीचा सामू १२च्या वर जातो, मग सिलिका विरघळून सिमेंटसारखा लगदा तयार होतो. राख सिलिका पुरवते, एवढंच. तरी रस्त्याच्या कामाच्या बोर्डावर नाव तिचंच!

शिवाय प्रयोगशाळेत माती चाळलेली असते, रानात ढेकळं असतात. रोटाव्हेटर दोनदा फिरवून रोलर चढवला, तर चुना ढेकळाच्या सालीवरच राहतो. आणि मातीत सल्फेट असेल तर चुनाच उलटतो. अमेरिकेत लास वेगासच्या स्ट्युअर्ट अव्हेन्यूवर चुन्याने पक्की केलेली माती नंतर फुगून वर आली होती. जिप्समयुक्त, म्हणजे सल्फेटवाला, कारखानी कचरा मातीत घालायला निघालेल्यांनी हे प्रकरण आधी वाचावं.

या सगळ्यात आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी फारसे कुणाला आठवत नाहीत. सत्तरच्या दशकात त्यांनी मोठमोठ्या टाक्यांत काळी माती भिजवून पाहिली. वरचा मीटरभर थर फुगतो, त्याखालची तीच माती भिजूनही जवळपास गप्प राहते, असं त्यांना आढळलं. मग वरचा थर काढून तिथे चिकट पण न फुगणारा मुरूम का दाबू नये? नुसती वाळू भरून हे साधत नव्हतं. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर ही युक्ती चालली, पुढे कालव्यांच्या अस्तरीकरणाच्या भारतीय मानकातही आली.

अडचण आता मुरमाची आहे. टेकड्या पोखरून झाल्या. त्या मीटरभर थरात मुरमाऐवजी राख-चुना-मातीचं मिश्रण चालेल का, हा प्रश्न खरोखर कामाचा आहे. त्याचं उत्तर त्या-त्या मातीचा फुगण्याचा दाब मोजूनच मिळेल. अधिसूचना मात्र अंतर मोजते: ३०० किलोमीटरच्या आत औष्णिक केंद्र असलं, की राख वापरायचीच.