चालक आणि मालक एकच असतो तेव्हा

आजचा आपला प्रश्न जुनाच आहे : काम कोणाचं असतं? करणाऱ्याचं, की ज्याची साधनं त्याचं? फक्त उदाहरण नवं आहे, मोटारींच्या शर्यतीचं. तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचं शर्यतीत काय काम, असं कुणाला वाटेल. जरा धीर धरा.

आज मुलुंड स्टेशनहून इकडे येताना आमच्या रिक्षाच्या इंजिनात खडखड होत होती. आम्ही विचारलं, तर रिक्षावाले म्हणाले, "आठ दिवस झाले, काका. मालकाला सांगितलंय. आपली गाडी शिफ्टची." आता बघा. ज्याला खडखड ऐकू येते त्याच्या हातात निर्णय नाही, आणि ज्याच्या हातात निर्णय आहे तो गाडीत बसलेलाच नाही. आपल्या उपनगरांत रिक्षा संघटनांच्या पाट्यांवर 'चालक-मालक' असा जोडशब्द असतो. त्या दोन शब्दांमध्ये एक छोटी रेघ असते. आज आपल्याला त्या रेघेबद्दल बोलायचं आहे.

ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये म्हटलं आहे की घर कसं आहे हे बांधणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याला जास्त कळतं, सुकाणू कसं आहे ते सुतारापेक्षा नावाड्याला कळतं. म्हणजे वापरणाऱ्याकडे एक खास ज्ञान असतं. पण त्या ज्ञानावर कृती करायची तर अधिकार लागतो, पैसा लागतो. हे सगळं एकाच माणसाकडे आलं तर काय होतं?

अमेरिकेत 'स्टॉक कार' नावाची शर्यत असते. दिसायला गाडी रस्त्यावरच्या मोटारीसारखी, आतून मात्र खास बांधलेली. 'नॅसकार' ही संस्था १९४८ पासून या शर्यती भरवते. वर्षभर शर्यती होतात, प्रत्येकीत गुण मिळतात आणि २००३ पर्यंत शेवटी बेरीज जास्त असेल तो विजेता ठरत असे. साधारण रीत अशी की संघ मालकाचा आणि चालक पगारी. काही चालकांनी मात्र स्वतःचेच संघ काढले. त्यातला एक ॲलन कुलविकी.

कुलविकी विस्कॉन्सिनचा, शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर. घरची मोठी श्रीमंती नाही, शर्यतीच्या धंद्यात कुणी गॉडफादर नाही. बरंचसं सामान विकून तो दक्षिणेला, शार्लट शहराकडे आला, कारण शर्यतीचा सगळा धंदा तिथे. निघायच्या दोन दिवस आधी त्याचा ट्रक जळाला, तर दुसऱ्याचा मागून घेतला. १९८६ साली त्याने स्वतःचा संघ उभा केला. सुरुवातीला गाडी एक, इंजिनं दोन आणि पूर्णवेळ माणसंही दोनच. त्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित चालक ठरला. पहिला विजय १९८८ मध्ये फिनिक्सला मिळाला.

मग परीक्षेची वेळ आली. ज्युनिअर जॉन्सन हे त्या काळातलं बडं प्रस्थ. त्यांच्या संघाने सहा अजिंक्यपदं मिळवलेली. त्यांनी कुलविकीला आपल्याकडे गाडी चालवायला बोलावलं. देऊ केलेली रक्कम दहा लाख डॉलरची. कुलविकी नाही म्हणाला. वर, ज्या प्रायोजकाची त्याला आशा होती तोही जॉन्सन यांच्याकडे गेला. १९९१ चा हंगाम सुरू झाला तेव्हा कुलविकीकडे मुख्य प्रायोजकच नव्हता! 'हूटर्स' ही उपाहारगृहांची कंपनी नंतर पाठीशी उभी राहिली.

१९९२ च्या सप्टेंबरात, सहा शर्यती उरल्या असताना, तो २७८ गुणांनी मागे होता. तिथून भरून काढत १५ नोव्हेंबरला अटलांटाच्या शेवटच्या शर्यतीला तो दुसऱ्या क्रमांकावर पोचला. पहिला होता डेव्ही ॲलिसन, तिसरा बिल एलियट. हा एलियट कोणाचा चालक? जॉन्सन यांचाच! कुलविकी एलियटच्या दहा गुणांनी पुढे.

शर्यतीत ॲलिसनचा अपघात झाला आणि उरले दोघे. पहिल्याला १७५ गुण, दुसऱ्याला १७०. एक तरी फेरी आघाडीवर असलेल्याला पाच जादा, आणि सर्वांत जास्त फेऱ्या आघाडीवर राहणाऱ्याला आणखी पाच. कुलविकी आणि त्याचा मुख्य तंत्रज्ञ पॉल अँड्रूज फेऱ्या मोजत होते. १०३ फेऱ्या आघाडीवर झाल्या, हिशोब पक्का झाला, मगच गाडी इंधनासाठी आत आली. शर्यत एलियटने जिंकली, १०२ फेऱ्या आघाडीवर राहून. दोघांनाही १८० गुण. दहाचा फरक तसाच राहिला आणि अजिंक्यपद कुलविकीचं झालं. एक फेरी इकडची तिकडे झाली असती तर गुण समसमान झाले असते आणि वर्षभरात जास्त शर्यती जिंकल्यामुळे मान एलियटला गेला असता.

आता घाईने निष्कर्ष काढू नका की मालकी मिळाली म्हणजे माणूस स्वावलंबी झाला. कुलविकीला प्रायोजक लागलाच, अँड्रूज लागला, टायर बदलणारे हात लागले. मालकीने त्याला एकच गोष्ट दिली : 'नाही' म्हणण्याची मुभा. ती मोफत नव्हती. तिची किंमत त्याने प्रायोजकाविना हंगाम सुरू करून मोजली.

आणखी एक किंमत आहे, ती आपण सहसा मोजत नाही. १ एप्रिल १९९३ ला, ब्रिस्टलच्या शर्यतीला जाताना विमान कोसळून कुलविकीसह चार जण गेले. चालक गेला, त्याच क्षणी मालकही गेला. काही शर्यतींत दुसऱ्या चालकाने गाडी चालवली, पण त्याच वर्षी संघ जेफ बोडाइन या दुसऱ्या चालकाने विकत घेतला. चार माणसांचं पोट ज्या संस्थेवर, ती एका श्वासावर टांगलेली होती. ज्या रेघेने बळ दिलं तीच कमकुवत जागा ठरली.

पुढे २०११ मध्ये टोनी स्टुअर्ट स्वतःच्या संघातून अजिंक्य झाला, पण तिथे मालकी निम्मी होती, निम्मी जीन हास यांची. २०१६ नंतर स्टुअर्टने तिथे गाडी चालवणं थांबवलं, तरी संघ २०२४ पर्यंत चालला. एकट्याच्या मालकीत निर्णय झटपट होतो, वाटून घेतलेल्या मालकीत संस्था टिकायची शक्यता वाढते. दोन्ही पुरेपूर एकाच वेळी मिळत नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. कुठलीही संस्था बघताना, शाळा असो, दवाखाना असो की आपली सोसायटी, दोन प्रश्न विचारावेत. खडखड ज्याला ऐकू येते त्याच्या शब्दाला इथे किंमत आहे का? आणि तो उद्या नसला तर हे चालू राहील का? पहिल्याचं उत्तर कुलविकीने दिलं. दुसऱ्याचं द्यायला त्याला वेळ मिळाला नाही.

उतरताना आम्ही रिक्षावाल्यांना विचारलं, स्वतःची घेणार का? ते म्हणाले, "घ्यायची तर आहे, काका. पण मी आजारी पडलो तर हप्ता कोण भरणार?" आजचं सगळं व्याख्यान त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं.