बर्कले : पायी हिंडण्याचे गाव

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचे बर्कले मोटारीतून पाहण्यात अर्थ नाही. डाऊनटाऊन स्थानकावर उतरावे आणि सरळ चालू लागावे. विद्यापीठातला स्प्राऊल प्लाझा पंधरा-वीस मिनिटांवर आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये अटक केलेल्या एका तरुणाला नेणारी पोलिसांची गाडी विद्यार्थ्यांनी इथेच ३२ तास अडवून धरली. गाडीच्या टपावर चढून भाषणे झाली. मारिओ सॅव्हिओ तर बूट काढून चढला; गाडी खराब व्हायला नको! मागणी एवढीच, की आवारात राजकारण बोलू द्या.

तिथून टेलिग्राफ रस्त्यावरची पुस्तकांची दुकाने पाहून परत फिरा. स्थानकाजवळची ‘कला बगाई वे’ ही पाटी मात्र चुकवू नका. १९१५ मध्ये पती आणि तीन मुलांसह पेशावरहून अमेरिकेत आलेल्या कला बगाईंच्या कुटुंबाने पुढे बर्कलेत घर घेतले. सामानसुमान घेऊन दारी पोचतात, तो काय? भारतीय शेजारी नकोत म्हणून शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेले! बगाई मंडळी तशीच माघारी गेली.

त्याच गावाच्या नगर परिषदेने २०२० मध्ये या रस्त्याला त्यांचे नाव दिले. रस्ता जेमतेम दोन चौकांचा आहे.