फॉल्स क्रीक : काठ पालटला, पाणी राहिले

कॅनडातील व्हँकूव्हर शहराचा मध्यभाग आणि त्याच्या दक्षिणेकडची वस्ती यांच्यामध्ये फॉल्स क्रीक ही अरुंद खाडी शिरलेली आहे. पूर्वी ती बरीच लांब, आजच्या क्लार्क ड्राइव्हपर्यंत पसरलेली होती. मुखाजवळ दक्षिण तीरावर स्क्वामिश या मूळनिवासी लोकांचे सेनाक्व हे गाव होते. ते १९१३ मध्ये उठवण्यात आले. पुढच्या काही वर्षांत पूर्वेकडचा उथळ भाग भराव घालून रेल्वेला दिला गेला आणि खाडीतल्याच गाळातून ग्रॅनव्हिल बेट उभे राहिले. उत्तरेला रेल्वे यार्ड, इतरत्र लाकूड कापण्याच्या गिरण्या आणि कारखाने असल्याने अनेक दशके शहराने खाडीकडे पाठच फिरवली होती.

कारखाने ओसरल्यावर १९७०च्या दशकात महापौर आर्ट फिलिप्स यांच्या काळात पुनर्विकास सुरू झाला. दक्षिण तीरावरची जमीन महापालिकेने विकली नाही, भाडेपट्ट्याने दिली. तेथे बुटक्या इमारती आणि सहकारी गृहसंस्था उभ्या राहिल्या. कमी, मध्यम आणि चांगल्या उत्पन्नाची कुटुंबे शेजारी राहावीत, असा हेतू होता. ग्रॅनव्हिल बेटावर १९७९ मध्ये सार्वजनिक बाजार सुरू झाला. जुना काँक्रीटचा कारखाना मात्र तेथेच चालू राहिला.

उत्तर तीराची वाट वेगळी होती. तेथे १९८६ चे जागतिक प्रदर्शन, ‘एक्स्पो ८६’, भरले. दोन वर्षांनी प्रांत सरकारने ती जमीन हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांच्या समूहाला विकली. आज तेथे काचेचे उंच, सडपातळ मनोरे आहेत. आग्नेय काठावर २०१० च्या हिवाळी ऑलिम्पिकचे क्रीडाग्राम झाले. तेथील घरांना लागणारी बरीचशी ऊब सांडपाण्यातल्या उष्णतेतून मिळवली जाते.

मालकी कोणाचीही असो, पाण्याचा काठ सर्वांना खुला राहिला. दोन्ही तीरांवरून पायी आणि सायकलने जाता येते. छोट्या फेरीबोटी एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर माणसे नेतात. कयाक वल्हवणारेही पुष्कळ. एक्स्पोच्या वेळी हाँगकाँगहून आलेल्या सागवानी ड्रॅगन बोटींमुळे अशा बोटींच्या शर्यतींची शहराला गोडी लागली आणि आता दर उन्हाळ्यात त्यांचा महोत्सव भरतो.

पोहणे मात्र अजून सुरक्षित मानले जात नाही. शहराच्या जुन्या भागात सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच नळातून वाहते. जोराच्या पावसात नळांची क्षमता संपली की हे मिश्रण थेट खाडीत उतरते. खाडीचे पूर्वेकडचे टोक बंद असल्याने भरती-ओहोटीने तेथले पाणी नीट पालटत नाही आणि जिवाणूंचे प्रमाण वाढते. नळ वेगळे करण्याचे काम रस्तोरस्ती खणून करावे लागते, म्हणून ते संथ चालते.

दरम्यान, सेनाक्वच्या जमिनीचा एक तुकडा न्यायालयीन लढ्यानंतर स्क्वामिश राष्ट्राला परत मिळाला. तेथे २०२२ पासून ११ मनोऱ्यांचा, सुमारे ६,००० घरांचा प्रकल्प उभा राहत आहे. जमीन त्यांच्या राखीव क्षेत्रात येत असल्याने महापालिकेचे बांधकाम-नियम तिला लागू नाहीत.